पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत : एमबीए सीईटी, दोन संधी आणि आपल्या पोरांचा हिशेब

राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक निर्णय जाहीर केला. पीसीएम आणि पीसीबी गटांच्या सीईटीप्रमाणे एमबीएची सीईटीही २०२६-२७ च्या प्रवेशांपासून वर्षातून दोनदा घेतली जाणार. पहिली परीक्षा एप्रिलमध्ये, दुसरी मे महिन्यात. पहिली सर्वांसाठी, दुसरी ऐच्छिक. दोन्ही दिल्या तर ज्या परीक्षेत पर्सेंटाइल जास्त, ती प्रवेशासाठी धरली जाणार.

विद्यार्थ्यांना आणखी एक संधी मिळाली म्हणून या निर्णयाचे स्वागत झाले आणि त्यात चूक काही नाही. पण ही संधी कोणाला वापरता येईल आणि जो वापरू शकणार नाही त्याचे काय होईल, हे समजायचे असेल तर आधी पर्सेंटाइल ही भानगड नीट समजून घ्यावी लागेल. सोयगाव तालुक्यात तरुणांबरोबर काम करताना मला सर्वात जास्त नुकसान दिसते ते याच एका शब्दामुळे. अभ्यास कमी पडल्यामुळे प्रवेश हुकला तर ते समजण्यासारखे आहे. निकालाचा कागद वाचता न आल्यामुळे प्रवेश हुकतो, तेव्हा ती समाजाची हानी आहे.

नापास कोणीच नसते

आपल्याकडे दहावीपासून गुण म्हणजे टक्के, आणि ३५ च्या खाली नापास, हे डोक्यात पक्के बसलेले असते. त्यामुळे सीईटीच्या निकालावर ४२ आकडा दिसला की घरात सुतकी वातावरण होते. 'बीकॉमला ६५ टक्के होते आणि इथे ४२? नको तो नाद, एमआयडीसीत लाग कामाला.' असे बोलणारे वडील वाईट नसतात. त्यांना आकड्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

पर्सेंटाइल ४२ म्हणजे ४२ टक्के गुण नव्हेत. आपल्यासोबत त्याच सत्रात बसलेल्या दर शंभर जणांपैकी ४२ जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत, इतकाच त्याचा अर्थ. तो आपला रांगेतला क्रमांक सांगतो, पेपर किती आला ते सांगत नाही.

आणि या परीक्षेत नापास नावाचा प्रकारच नाही. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये उतरण्यासाठी पदवीला ५० टक्के गुण लागतात, राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांना ४५ टक्के, आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण लागतात. बस्स. ४२ पर्सेंटाइलवाली मुलगी कॅपचा अर्ज भरायला पूर्णपणे पात्र असते. तिला कोणते कॉलेज मिळेल हा पुढचा प्रश्न. पण अर्जच भरला नाही, तर पुढचा प्रश्न उरतच नाही.

गुणांचे पर्सेंटाइल कसे होते

एमबीए सीईटीचा पेपर २०० प्रश्नांचा आणि वेळ १५० मिनिटांचा. तर्कशक्तीचे ७५ प्रश्न, आकृत्यांवरचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजी भाषा-उताऱ्यांचे ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा संगणकावर होते आणि परीक्षार्थी लाखाच्या घरात असल्याने ती काही दिवस, वेगवेगळ्या सत्रांत घ्यावी लागते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. आता एका सत्राचा पेपर सोपा आणि दुसऱ्याचा अवघड निघाला तर? कच्च्या गुणांची सरळ तुलना अन्यायाची ठरेल. यावरचा उपाय म्हणून प्रत्येकाची तुलना फक्त त्याच्या सत्रातल्या लोकांशी करतात. यालाच नॉर्मलायझेशन किंवा सामान्यीकरण म्हणतात.

सूत्र सोपे आहे. आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ती संख्या घ्यायची, तिला सत्रातल्या एकूण परीक्षार्थींच्या संख्येने भागायचे आणि १०० ने गुणायचे.

समजा सकाळच्या सत्रात ३०,००० जण बसले. एका मुलाला ९१ गुण पडले. ९१ किंवा त्यापेक्षा कमी गुणांचे २४,००० जण निघाले, तर त्याचे पर्सेंटाइल ८०. दुपारच्या सत्रातही ३०,००० जण, पण पेपर अवघड. तिथेही एका मुलीला ९१ च गुण पडले, पण तिच्याइतके किंवा कमी गुणांचे २५,५०० जण निघाले. तिचे पर्सेंटाइल ८५. गुण सारखे, पण अवघड पेपरमध्ये तिने ते मिळवले म्हणून ती पुढे. याच कारणाने प्रत्येक सत्रात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला १०० पर्सेंटाइल मिळते, त्याचे कच्चे गुण काहीही असोत.

दुसरी एक गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. गुणांची गर्दी मध्यभागी असते. बहुतेकांचे गुण एकमेकांच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे मधल्या पट्ट्यात पाच-सात गुण वाढले तरी माणूस हजारोंना मागे टाकतो. वरच्या टोकाला मात्र गर्दी विरळ असते. तिथे ९७ वरून ९९ वर जायला बरेच गुण मिळवावे लागतात.

याचा व्यवहारातला अर्थ काय? पहिल्यांदा परीक्षा देणारी गावाकडची मुले येत नाहीत ते प्रश्न कोरे सोडतात. शाळेत 'माहीत नसेल तर ठोकू नको' असे शिकवलेले असते. या परीक्षेत ते महागात पडते. एका प्रश्नाला पाच पर्याय धरले, तर ४० कोऱ्या प्रश्नांवर नुसते पर्याय निवडले तरी सरासरी ८ गुण मिळतात. मधल्या पट्ट्यात हे ८ गुण रांगेत बरेच पुढे नेतात. शहरातल्या क्लासमध्ये ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगतात. आपल्याकडे ती परीक्षेनंतर कळते.

कॅटचे मात्र तसे नाही, हेही लक्षात ठेवा. आयआयएमसाठी होणाऱ्या कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण आणि पर्याय असलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर १ गुण वजा. तिथे ठोकत सुटणे नुकसानीचे. एका परीक्षेची सवय दुसरीत नेऊ नये.

सूत्र कुठे अडखळते

हे सूत्र एका गृहीतकावर उभे आहे. प्रत्येक सत्रात मोठ्या संख्येने आणि साधारण सारख्या तयारीचे विद्यार्थी बसले आहेत, हे ते गृहीतक. हजारो उमेदवार कोणताही निवडा न करता सत्रांत वाटले असतील तर ते बऱ्यापैकी खरे ठरते. पण एखादे सत्र वेगळ्या परिस्थितीत झाले, किंवा त्यात बसणारा गटच वेगळा असला, तर रांग तीच राहत नाही.

२०२३ मध्ये याचा अनुभव आला. २५ आणि २६ मार्चला झालेल्या एमबीए सीईटीत पहिल्या सत्रात काही केंद्रांवर तांत्रिक बिघाड झाला. बाधित उमेदवारांसाठी मे महिन्यात पुन्हा परीक्षा घेतली गेली. निकालानंतर सामान्यीकरणावरून मोठी नाराजी उसळली आणि काही परीक्षार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले. प्रश्न गणिताचा होता तितकाच न्यायाचाही. महिनाभर जास्त वेळ मिळालेल्या छोट्या गटाची रांग आणि मार्चमध्ये बसलेल्या मोठ्या गटाची रांग, या दोन रांगांतला ९० वा माणूस सारखाच कसा मानायचा?

आता हाच प्रश्न दोन परीक्षांच्या निर्णयाला लावून पाहा. मे महिन्याच्या परीक्षेला कोण बसेल? ज्याला पहिल्यापेक्षा बरे करण्याची आशा आहे, ज्याच्याकडे दुसऱ्यांदा भरायला शुल्क आहे, प्रवासाला पैसे आहेत आणि मधल्या काळात सराव करायला वेळ आहे, तो. म्हणजे गट वेगळा असण्याची शक्यता आधीच ठरलेली आहे.

'ज्याला द्यायची नाही त्याने देऊ नये, त्याचे काय जाते?' असे कोणी म्हणेल. जाते. कारण पर्सेंटाइल हा क्रमांक आहे. एखाद्याने दोनदा परीक्षा दिली आणि दोन्हींतला चांगला आकडा धरला, तर त्याचा आकडा वाढेल किंवा आहे तिथेच राहील, घटणार नाही. असे हजारो जणांचे आकडे वाढले की एकदाच परीक्षा दिलेला मुलगा गुणवत्ता यादीत आपोआप खाली सरकतो. त्याने काहीच गमावले नसताना. म्हणजे कागदावर ऐच्छिक असलेली दुसरी परीक्षा चांगल्या कॉलेजची आशा असणाऱ्यासाठी जवळजवळ सक्तीची होते.

सोयगाव हे जिल्ह्याच्या टोकाचे तालुक्याचे गाव. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात आहेत आणि जगभरचे पर्यटक फर्दापूरपर्यंत येतात. पण इथल्या मुलाला संगणकावरच्या परीक्षेसाठी छत्रपती संभाजीनगर नाहीतर जळगाव गाठावे लागते. संभाजीनगर शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. सकाळचे सत्र असेल तर आदल्या दिवशी निघायचे आणि कोणाकडे तरी मुक्काम करायचा. मुलगी असेल तर सोबत घरचे एक माणूस, म्हणजे त्याचीही मजुरी बुडाली. हे सगळे आता दोनदा. शहरातल्या मुलासाठी दुसरी संधी ही एक सकाळ आहे. कपाशीच्या शेतात मजुरी करणाऱ्या घरासाठी तो महिन्याच्या खर्चाला बसणारा खड्डा आहे.

कट-ऑफ आणि टोमणे

दरवर्षी निकालाच्या दिवसांत समाजमाध्यमांवर एक चित्र फिरते. खुल्या प्रवर्गाचा कट-ऑफ इतका, अनुसूचित जातीचा इतका, आणि खाली 'गुणवत्तेचा खून' वगैरे. आपली मुले हे वाचून मनात खचतात. त्यांना उत्तर देता आले पाहिजे.

कट-ऑफ कोणी आधी ठरवत नाही. एखाद्या प्रवर्गातल्या शेवटच्या जागेवर ज्याला प्रवेश मिळाला, त्याचा आकडा म्हणजे कट-ऑफ. जागा किती आणि मागणारे किती, यावर तो ठरतो. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत खुल्या प्रवर्गाचा कट-ऑफ ९९.९ च्या वर जातो. याचा अर्थ ९९ पर्सेंटाइलवाला मुलगा व्यवस्थापन शिकायला नालायक आहे असा होत नाही. जागा थोड्या आणि रांग मोठी, इतकाच होतो. राज्यात अनुसूचित जाती आणि बौद्ध धर्मांतरितांसाठी १३ टक्के जागा आहेत. त्या जागांवर येणारी मुलेही आपापसांत स्पर्धा करूनच येतात. 'कमी गुणांवर' हा शब्दच इथे चुकीचा आहे, कारण पर्सेंटाइल गुण मोजतच नाही.

हा आकडा आणखीही काही मोजत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलाला भाषेचे ५० प्रश्न किती सोपे जातात, क्लासला किती हजार भरले, घरी संगणक होता की नाही, यातले काहीच निकालाच्या कागदावर दिसत नाही. २०२४ च्या कॅटला देशभरातून सुमारे २ लाख ९३ हजार जण बसले. त्यातला ९० पर्सेंटाइलचा मुलगा २ लाख ६० हजारांहून अधिक जणांच्या पुढे किंवा बरोबरीला असतो. तो जर पहिल्या पिढीचा पदवीधर असेल, तर त्याने किती अंतर कापले याचा हिशेब त्या आकड्यात नसतो. तो हिशेब आपण ठेवायचा. पण म्हणून सूत्राला शिव्या देऊन घरी बसायचे नाही. रांग अपुरी असली तरी प्रवेश त्याच रांगेतून होणार आहेत.

खरी फसवणूक निकालानंतर

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात. 'तुमच्या पर्सेंटाइलवर कॅपमधून काही मिळणार नाही, आमच्याकडे सीट फिक्स करून देतो.' गेल्या काही वर्षांत अशा फोनला बळी पडलेली कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत. एका मुलीला ५० च्या आसपास पर्सेंटाइल होते. आकडा बघून तिने कॅपचा अर्जच भरला नाही. एजंटाने तिला एका खासगी कॉलेजात संस्था स्तरावरच्या कोट्यातून प्रवेश मिळवून दिला. शिष्यवृत्ती नंतर होईल, असे तोंडी सांगितले. झाली नाही. घरच्यांनी व्याजाने पैसे काढले.

इथे नियम स्पष्ट आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये. उत्पन्न त्यापेक्षा जास्त असले तरी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना आहे, जिला आपण फ्रीशिप म्हणतो. दोन्ही अर्ज महाडीबीटीवर. मात्र मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. म्हणून ५० पर्सेंटाइलवर कॅपमधून मिळालेले साधे कॉलेज आणि त्याच आकड्यावर कोट्यातून मिळालेले कॉलेज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात मुलगी शिकते, दुसऱ्यात घर कर्जात जाते. कोणत्याही पैशाच्या बोलीआधी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन या जागेला शिष्यवृत्ती लागू आहे का, एवढे एक वाक्य विचारा.

राहण्याचा प्रश्नही आकड्याइतकाच मोठा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरासाठी ५१,००० रुपये. आयआयएमपर्यंत पोहोचणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची उच्चश्रेणी शिक्षण शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख रुपये. तिथली फी ऐकूनच कॅटचा अर्ज न भरणाऱ्यांनी ही योजना आधी वाचावी. कॅटच्या अर्जाचे शुल्कही अनुसूचित जाती-जमातींना निम्मे असते.

कागदपत्रांचे पर्सेंटाइल

चांगला आकडा असून कागदावर हरलेलेही कमी नाहीत. कॅपमध्ये राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र दोन्ही लागतात. वैधतेचा अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षातच जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे करावा. निकालानंतर धावपळ करून तो वेळेत हातात पडेल या भरवशावर राहू नये. अनुसूचित जातीला नॉन-क्रिमीलेअरची गरज नाही, हेही सांगावे लागते, कारण अनेक सेतू केंद्रांवर मुलांना उगाच त्या रांगेत उभे केले जाते.

बौद्ध विद्यार्थ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जाती आदेशात समावेश झाला. हा हक्क लढून मिळाला आहे. परंतु केंद्रीय संस्था केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात आणि त्यात यादीतल्या जातीचा उल्लेख लागतो. नुसता 'नवबौद्ध' असा उल्लेख असलेला राज्याचा दाखला तिथे अडचणीचा ठरू शकतो. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी असते. अर्जाच्या वेळीच दाखला तपासा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी नव्हे.

मागणी आणि कामाला लागणे

सरकारकडे आपण तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिली, दुसऱ्या परीक्षेचे शुल्क अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि आर्थिक दुर्बलांना माफ करावे. दुसरी, संगणक परीक्षेची केंद्रे सिल्लोड-कन्नडसारख्या ठिकाणी आणावीत, म्हणजे सोयगावच्या मुलाला मुक्काम करावा लागणार नाही. तिसरी, प्रत्येक सत्राची परीक्षार्थी संख्या आणि कोणत्या कच्च्या गुणांना कोणते पर्सेंटाइल मिळाले याचा तक्ता निकालासोबतच, मराठीत, एका पानावर जाहीर करावा. ज्या सूत्रावर लाखभर मुलांचे भवितव्य ठरते, ते मुलांना स्वतः ताडून पाहता आले पाहिजे.

आणि काही कामे आपली आपण करायची. एप्रिलमध्ये गावोगाव जयंतीची वर्गणी जमते. त्यातला एक छोटा वाटा त्याच महिन्यात परीक्षेला जाणाऱ्या मुलांच्या शुल्काला आणि एसटी भाड्याला राखून ठेवला तर कोणाची मिरवणूक लहान होणार नाही. विहारात रविवारी वंदनेनंतर एक तास संगणक आणि जुने पेपर घेऊन बसता येते. गावातला एखादा पदवीधर कॅपचे वेळापत्रक, कागदपत्रांची यादी आणि पर्याय भरण्याची पद्धत शिकून घेऊ शकतो. निकालाच्या दिवशी एजंटाचा फोन येण्याआधी त्या पदवीधराचा फोन मुलीला गेला पाहिजे.

अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या लेण्यातला जुना शिलालेख सांगतो की तो विहार एका व्यापाऱ्याचे दान आहे. याच डोंगरातून मालाचे तांडे जात होते आणि व्यापारातून आलेला पैसा ज्ञानाच्या कामी लागत होता. व्यापार-उद्योग आपला प्रांत नाही, ही समजूत नंतरची आहे आणि लादलेली आहे. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे विद्वान. त्यांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, ते आजचे मिलिंद महाविद्यालय. त्यातून मराठवाड्यातले शिक्षक, वकील, अधिकारी घडले. उद्योग आणि वित्त या क्षेत्रांत जाणारी पिढी अजून थोडी आहे.

तिला घडवण्याची सुरुवात फार मोठ्या गोष्टींनी होणार नाही. यंदा तुमच्या गल्लीत कोणाच्या हातात ४२ किंवा ५० चा निकाल पडला, तर त्या घरी जा आणि एवढेच सांगा : हा आकडा नापासाचा नाही, कॅपचा अर्ज भरायची मुदत अजून गेलेली नाही, चल, मिळून भरू.

जय भीम.